जाड कागदाची पट्टी

१२ जानेवारी

टाचणी,

आधी 'चिरंजीव' लिहिलं होतं, ते खोडलं. मोठमोठ्या माणसांना शिकवणारी बाई तू, तुला चिरंजीव काय लिहायचं. मग 'प्रिय' लिहिलं तर ते दुसऱ्याच कुणाचं अक्षर वाटायला लागलं. तीन कागद वाया गेले. शेवटी लहानपणी हाक मारायचो तेच लिहिलं. रागावू नकोस.

पत्ता बदलल्याचं तुझं कार्ड मिळालं. छापील आहे, माझं नाव तेवढं हाताने घातलेलं. चार वर्षांत तुझ्याकडून आलेला हा पहिला कागद. मी तो उजेडासमोर धरून पाहिला, मागेही काही लिहिलेलं नव्हतं. पत्ता कळवलास म्हणजे पत्रं पोचावीत असं तुला वाटत असावं, एवढाच अर्थ मी काढला. जास्त काढला नाही. मजकुरात नाही ते त्याच्या तोंडी घालू नये, असं तूच सांगायचीस.

नवीन घर कितव्या मजल्यावर आहे? जिन्याला कठडा आहे ना?

माझं बरं चाललं आहे. काम कमी झालं, पण बंद पडलेलं नाही. शाळेची हजेरीपुस्तकं येतात, वकिलांची जाडजूड दप्तरं येतात, एखाद्या वेळी कुणाचं तरी आजोबांच्या काळचं पवित्र शास्त्र येतं, कणा मोडलेलं. दुपारी जेवण झालं की मी कापायच्या टेबलाशी खुर्चीतच डोळे मिटतो. खळीचं भांडं निवत असतं. खिडकीतून उन्हाचा पट्टा येतो आणि त्यात कागदाची धूळ तरंगत राहते, खाली काही बसत नाही. त्या वेळी तुझी आई येते. झोपेत येते की जागेपणी, ते मला नीट सांगता येणार नाही. समोरच्या स्टुलावर बसते आणि सुटे फर्मे लावते. सोळा सोळा पानांचे ते घडी घातलेले गठ्ठे ती कशी न बघता लावायची, तुला आठवत असेल. काल मी विचारलं, कुठलं पुस्तक आहे गं? तर म्हणाली, "अजून ठरलेलं नाही."

सांगू की नको अशी सकाळपासून घालमेल चालली आहे. सांगतोच. तिचं पवित्र शास्त्र हल्ली कपाटात नसतं, दुकानातल्या टेबलावर असतं. लोक बघायला येतात. तिच्या आजारपणात मी ते डोळे मिटून तीनदा उघडलं आणि तिन्ही वेळा एकच पान निघालं. आजाऱ्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी आणि प्रभू त्याला उठवील, असं शास्त्रातल्या ज्या पत्रात लिहिलंय ते पान. म्हणून मी तिला घरी ठेवलं आणि प्रार्थना केली. ही हकीकत पाळकसाहेबांनी मला उपासनेत उभं करून सांगायला लावली. ती गेली तरी सांगायला लावली. ते म्हणाले, प्रभूने तिला उठवलं ते वर उठवलं, असा त्याचा अर्थ. मला तो अर्थ तेव्हा फार बरा वाटला.

आता दरवर्षी सांगतो. सांगून सांगून ती गुळगुळीत झाली आहे. शेवट तुला ठाऊकच आहे. तिसऱ्यांदा तेच पान निघालं तेव्हा तुझी आई हसली आणि 'आमेन' म्हणाली. इथे बायका डोळे पुसतात.

थंडी आहे. कानाला गुंडाळत जा.

तुझा बाबा


३० जानेवारी

टाचणी,

उत्तर आलं नाही. मी वाट बघतोय असं नाही. फक्त पाकीट नीट चिकटलं होतं की नाही ही शंका राहून गेली. जन्मभर चिकटवण्याचं काम केलं आणि पाकिटाची भीती वाटते, काय म्हणावं.

शेजारच्या गाळ्यात शिंपीणबाई आल्या आहेत. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. पडदे आणि शाळेचे गणवेश शिवतात, आणि मशीन चालू असलं तरी बोलणं थांबत नाही. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही शिवता ते अंगावर घालता येत नाही, मी शिवते ते वाचता येत नाही. दोघांचंही काम अर्धंच." तेव्हापासून त्यांचा चार वाजताचा चहा माझ्याकडे येतो. घरी त्यांना कुणी नाही. एक भाऊ आहे, तो परगावी.

आज त्या चहा न आणता आल्या. डाव्या बाजूला काखेजवळ गाठ आहे. सहा महिन्यांपूर्वी मण्याएवढी होती, आता बोटाच्या पेराएवढी. डॉक्टरीणबाईंनी पंधराच्या गुरुवारी बोलावलं आहे. थोडा तुकडा काढून तपासणार, मग पुढचं. त्या एवढ्या बोलक्या, पण सांगताना टेबलावरच्या दाभणाशीच खेळत होत्या. म्हणाल्या, "तुमचं पुस्तक काय म्हणतंय ते बघा ना."

मी हात धुतले. डोळे मिटले, शास्त्र कण्यावर उभं धरलं आणि सोडलं. तेच पान निघालं.

त्यांचा चेहरा असा सैल झाला, जसं कुणी खांद्यावरचं ओझं उतरवून घेतलं. म्हणाल्या, "मग नाही जात मी. कापाकापी नको. तुम्ही आणि पाळकसाहेब प्रार्थना करा." आणि गाळ्यात जाऊन मशीन सुरू केलं, गाणं म्हणत.

मी शास्त्र मिटून टेबलावर ठेवलं. शास्त्राच्या आड आपण कोण येणार?

दिवसभर खळीत गुठळ्या होत आहेत. पीठ तेच, पाणी तेच. कुठे चुकतंय कळत नाही.

तुझा बाबा


८ फेब्रुवारी

टाचणी,

तुला वाटत असेल, म्हातारा एकदम पत्रांवर पत्रं का लिहायला लागला. काही खास नाही. बोलायला कुणी नाही एवढंच. शिंपीणबाई आहेत, पण त्यांच्याशी हल्ली बोलताना मला त्यांच्या हाताकडे बघवत नाही. त्या डावा हात वर उचलत नाहीत. वरच्या फळीवरचं कापड काढायला मला हाक मारतात.

काल दुपारी स्वप्न पडलं. दुकानात पानं साचत होती, पाण्यासारखी. आधी पायाच्या घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. सगळी शास्त्राचीच पानं, पण एकावरही आकडा नव्हता. मी ती गोळा करत होतो आणि ती हातातून वर तरंगत होती, छतापर्यंत जाऊन सावकाश खाली येत होती, उन्हात एकेक ओळ चमकवून. सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू. एखादं पान तोंडासमोर यायचं, मी एक ओळ वाचायचो आणि मला वाटायचं, हे मलाच लिहिलंय. मग दुसरं यायचं आणि ते बरोबर उलटं सांगायचं. दाराशी तुझी आई उभी होती. म्हणाली, "अहो, पट्टी कापून ठेवलीय." मी घाबरून जागा झालो. घाबरण्यासारखं त्यात काय होतं?

तुझं बोलणं मी विसरलेलो नाही. तिला मातीत ठेवून तिसरा दिवस होता, आपण याच टेबलाशी बसलो होतो. तू म्हणालीस की ते वचन खरं आहे, पण मी ते एकटंच घरात आणून कोंडून ठेवलं. ते ज्या पत्रात आहे ते पत्र, पत्र ज्या शास्त्रात आहे ते सबंध शास्त्र, आणि ज्यांनी आजाऱ्यांच्या उशाशी बसून ते शेकडो वर्षं वाचलं, त्यावर डोकं शिणवलं, त्याच्याच बळावर दवाखाने बांधले, ती सगळी माणसं मी दाराबाहेर उभी ठेवली. त्या माणसांनी मिळून जे समजून घेतलं त्यालाच आम्ही ईश्वरविज्ञान म्हणतो, असं म्हणालीस. ते शास्त्रावर स्वार होण्यासाठी नसतं. एका वचनाच्या नावाखाली सगळ्या शास्त्रातला देव खोटा पडू नये, एवढ्यासाठी असतं.

मी म्हणालो, देव माझ्याशी बोलला, मधे तुझी अक्कल कशाला? मी सातवी शिकलेला माणूस. ज्या कोळ्यांना प्रभूने बोलावलं ते तरी कुठे तुझ्या विद्यालयात गेले होते? यावर तू म्हणालीस की त्यांच्याबरोबर तीन वर्षं तो स्वतः चालला आणि तरी त्यांना समजलं नाही. मला राग आला. मग तू अगदी हळू आवाजात विचारलंस, "पुस्तक तुम्हीच बांधलंय ना, बाबा?"

मी तुला चालती हो म्हणालो. मला वाटलं, माझ्या धंद्यावरून बोललीस. तसंच धरून बसलो.

पण मलाही एक म्हणायचं आहे, ते ऐक. घट्ट शिवलेलं पुस्तक फळीवर देखणं दिसतं. उघडायला जावं तर आतल्या बाजूचे शब्द घडीत जातात, दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं, सोडलं की फटकन मिटतं. तुझा प्रबंध मीच बांधला. वर वचनाची एक ओळ, खाली चाळीस ओळी टिपांच्या. देव बिचारा पानाच्या वरच्या काठाला लोंबकळत होता. तुम्ही शिकलेली माणसं इतके टाके घालता की आमच्यासारख्याला पुस्तक उघडतच नाही. हे खोटं असेल तर सांग.

गुरुवार जवळ येतोय. शिंपीणबाईंनी डॉक्टरीणबाईंना निरोप पाठवला की येत नाही.

तुझा बाबा


१३ फेब्रुवारी

टाचणी,

हे पत्र वाचून फाडून टाक. नाही, फाडू नकोस.

तू सहा वर्षांची होतीस. तुझ्या आईला तिच्या वडिलांकडून मिळालेलं ते शास्त्र मी नव्याने बांधायला घेतलं होतं. त्या पत्राचा फर्मा घडीवर फाटला होता. आतून पातळ कागदाची पट्टी लावायची असते, पण पातळ कागद संपला होता आणि मला धीर नव्हता. तुझ्या आईने एका जुन्या वहीच्या कव्हरातून पट्टी कापली. मी म्हणालो, एवढी जाड पट्टी घातली तर पुस्तक जन्मभर इथेच उघडेल. ती म्हणाली, "उघडू दे की, कुठेतरी उघडायचंच आहे." आम्ही दोघं हसलो. आणि खळ वाळेपर्यंत पट्टी धरून ठेवायला तू टेबलाखालून आलीस. दोन बोटांनी ती दाबून किती वेळ उभी होतीस, हलली नाहीस. त्या दिवसापासून तू टाचणी.

हे लिहिताना माझा हात थांबला. म्हणजे तुलाही ठाऊक होतं. पुस्तक तुम्हीच बांधलंय ना, हे तू धंद्यावरून नव्हतीस बोलली.

आता उरलेलं लिहितो, नाहीतर पुन्हा धाडस होणार नाही.

तिच्या पोटात दुखत होतं, ताप होता, आणि तू फोनवर रोज सांगत होतीस की आजच्या आज दवाखान्यात न्या. मला दवाखान्याची भीती वाटत होती. तिला आत नेतील, मला बाकावर बसवतील, कागद पुढे करतील, ते मला समजणार नाहीत आणि मी भलतीकडेच सही करीन. म्हणून मी शास्त्र घेऊन तिच्या उशाशी बसलो. पहिल्यांदा उघडलं तेव्हा खरंच विसरलो होतो. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा आठवलं. तिसऱ्यांदा मी आठवत असूनही उघडलं.

तिसऱ्या वेळी ती हसली, हे खरं. पण आमेन ती म्हणाली नाही. म्हणाली, "तुमची पट्टी अजून धरून आहे हो."

तिला वाटलं असेल, आता हाही हसेल आणि म्हणेल, चल, गाडी बोलावतो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पान वाचायला लागलो, मोठ्याने, तिचं बोलणं ऐकू आलंच नाही अशा आवाजात. थोड्या वेळाने तिने डोळे मिटले. त्यानंतर अकरा दिवस मी तिला घरी ठेवलं. शेवटी नेलं तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आठ दिवस आधी आणायला हवं होतं. तुला मी सांगितलं की डॉक्टर म्हणाले, काही करता आलं नसतं.

मला वाटत होतं की आपलं भांडण शास्त्र कसं वाचावं यावर आहे. चार वर्षं मी मनात तुला उत्तरं देतोय. पण मी त्या दिवशी शास्त्र वाचतच नव्हतो. माझी भीती वाचत होतो, ओळी तेवढ्या त्याच्या होत्या. तू शेजारी असतीस, किंवा कुणीही असतं, अगदी पाळकसाहेबसुद्धा, आणि विचारलं असतं की हे पान इथे का निघालं, पुढच्या पानावर काय आहे, तर मला बोलावं लागलं असतं. एकट्याने वाचलं की विचारणारं कुणी नसतं.

शिंपीणबाई शेजारी मशीन चालवत आहेत. भिंतीतून आवाज येतोय. त्यांना सांगितलं तर मंडळीत माझी काय शोभा होईल ते मला दिसतंय. आणि तुझ्या आईचं ते आमेन, ते जाईल. इतक्या वर्षांत मला ते तिच्या आवाजात ऐकू यायला लागलं होतं.

पाकीट चिकटवून त्यांच्याकडे जातो. आधी चिकटवतो, म्हणजे हे तरी परत काढता येणार नाही.

बाबा


१ मार्च

टाचणी,

सांगितलं. त्याच दिवशी.

मी त्यांच्या गाळ्यात शास्त्र घेऊन गेलो आणि त्या पानाच्या घडीवरून त्यांचं बोट फिरवलं. सगळं सांगितलं, तुझ्या आईचं बोलणं धरून. त्यांनी बोट दोनदा फिरवलं, कपड्याची शिवण तपासतात तसं. म्हणाल्या, "हे तर अस्तर आहे, दादा." शास्त्र माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाल्या, "पंधरा दिवस मी गाणी म्हणत होते. ती ऐकत बसलात?" मी परत आलो. दोन दिवस चहा आला नाही, मशीनही बंद होतं.

तिसऱ्या दिवशी त्या दारात उभ्या राहिल्या. आत नाही आल्या. म्हणाल्या, "ते पान पुन्हा वाचा. हळू वाचा." मी वाचलं. त्या म्हणाल्या, "यात इतरांना बोलवा असं लिहिलंय. एकट्याने दार लावून बसा असं कुठे लिहिलंय? तुम्ही कुणाला बोलावलंत वहिनींसाठी?"

कुणालाच नाही. पाळकसाहेबांनासुद्धा ती गेल्यावर बोलावलं.

टाचणी, पान मला तोंडपाठ आहे आणि ती पहिलीच ओळ, तुलाही लिहून पाठवलेली, मला कधी दिसली नव्हती. गणवेश शिवणाऱ्या बाईला दिसली. तुझ्या विद्यालयात त्यांना घेतील का विचार.

बावीसच्या गुरुवारी आम्ही गेलो. पाळकसाहेब तेलाची बाटली घेऊन आले होते. मी त्यांना आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं आणि त्यांचं तोंड उतरलं होतं. दवाखान्याच्या बाकावर शिंपीणबाईंच्या कपाळाला तेल लावून त्यांनी प्रार्थना केली. डॉक्टरीणबाई हात बांधून, घड्याळ न बघता थांबल्या. एक कागद माझ्यापुढे आला, शेजारचा माणूस म्हणून सही हवी होती. मला समजला नाही. मी तसं सांगितलं. त्यांनी वाचून दाखवला, दोन मिनिटं लागली. दोन मिनिटांच्या कागदासाठी मी अकरा दिवस.

तुकडा तपासून झाला, गाठ काढायची आहे, पुढच्या आठवड्यात. त्या बऱ्या होतील की नाही हे डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. लवकर आलात, एवढंच म्हणाल्या. शिंपीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "थोडं उशिरा, पण आले." त्या मला अजून दादा म्हणतात, पण चहा एकच कप आणतात, स्वतःचा. मी समजून घेतो.

रविवारी उपासनेत साक्ष द्यायचा माझा वार्षिक दिवस होता. मी उभा राहिलो आणि पट्टीचं सांगितलं. कुणी डोळे पुसले नाहीत. बाहेर आल्यावर एक म्हातारी म्हणाली, आमच्या पुस्तकाला पण पट्ट्या असतील का हो? मी म्हटलं, घेऊन या, बघून सांगतो.

मग मी तुझा प्रबंध फळीवरून काढला. एक कबूल करायचं राहिलं आहे. मी तो वाचला असं सगळ्यांना सांगत आलो, पण तो मी फक्त बांधला होता. आता रोज दुपारी दोन पानं वाचतो, बोट ठेवून. निम्मं कळत नाही. पण सत्तेचाळिसाव्या पानावर, टिपांच्या मधे, तू लिहिलं आहेस की अर्थ लावणाऱ्याचं ज्ञान शिवणीसारखं असावं. वाचताना ते डोळ्यांसमोर येऊ नये, पण ते नसेल तर कुठलंच पान आपल्या जागी राहत नाही. आणि शिवण चुकली असेल तर ती उसवायची, पानं कापायची नाहीत. ही टीप कुठल्या पंडिताची म्हणून खाली पाहिलं, तर कुणाचंच नाव नव्हतं. ती याच टेबलाखालची आहे. घट्ट शिवणीवरून मी तुला टोमणा मारला, तेव्हा ती माझ्या डोक्यावरच्या फळीवर होती.

त्या दुपारी तुझी आई आली होती. स्टुलावर बसली, फर्मे लावले नाहीत, नुसती माझ्याकडे बघत राहिली, त्या दिवशी बघत होती तशी. मी म्हणालो, होय गं, अजून धरून आहे. ती हसली. मग उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकला आणि स्टुलावर धूळच होती.

शास्त्र मी पूर्ण उसवलं. फर्मे सुटे केले, जाड पट्टी ओल्या फडक्याने सैल करून काढली, पातळ कागद लावला आणि सैल हाताने शिवलं, फार सैल नाही. दोन दिवस शिकंज्यात दाबून ठेवलं. जाड पट्टी सोबतच्या पाकिटात आहे. मागची बाजू बघ. वाळलेल्या खळीत दोन बारीक बोटांचे ठसे आहेत. मला ते फेकवेना.

आज दुपारी शास्त्र टेबलावर उभं धरून सोडून पाहिलं. एकदा राजांच्या गोष्टीत उघडलं, एकदा स्तोत्रांच्या आसपास, आणि तिसऱ्यांदा उघडलंच नाही, मिटून आडवं पडलं. त्याला आता कुठेच उघडायचं नाही. ते उघडावं लागणार.

मला ते वाचायचं आहे. इतकी वर्षं एकच पान वाचलं, तेही चुकीच्या तऱ्हेने. शिंपीणबाई म्हणतात, पहिल्यापासून वाचा, कपडा एका टोकाने धरावा लागतो. पाळकसाहेब म्हणतात, शुभवर्तमानापासून. दोघांचंही ऐकून घेतलं आणि पुस्तक मिटलेलंच ठेवलं आहे. तू शिकवतेस, तुला रोज कुणीतरी विचारत असेल. मीही विचारतो.

कुठून सुरुवात करू?

तुझा बाबा